पार्श्वभूमी : अस्माराच्या चढावरून आलेली हिरवी जर्सी

ट्यूरिन हे शहर इटलीत आहे, एवढं आधी सांगून ठेवतो. पुढे त्याचं काम पडणार आहे. टूर डी फ्रान्स ही फ्रान्सची तीन आठवड्यांची सायकल शर्यत. २०२४ मध्ये ती इतिहासात पहिल्यांदाच इटलीतून, फ्लॉरेन्समधून सुटली. १ जुलैचा तिसरा टप्पा पिआचेन्झा ते ट्यूरिन असा होता. लांबी २३० किलोमीटर, त्या वर्षीचा सगळ्यात लांब टप्पा. शेवटचे थोडे किलोमीटर उरले असताना घोळक्यात पडापडी झाली, काही नावाजलेले स्प्रिंटर मागे अडकले, आणि फर्नांदो गाविरिया व आर्नो द ली यांना मागे टाकून बिनियम गिरमाय पहिला आला. १९०३ पासून चालत आलेल्या या शर्यतीत टप्पा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी. वय २४, गाव अस्मारा, देश पूर्व आफ्रिकेतला एरिट्रिया.

त्या रात्री अर्धा गोवा जागा होता, पण कारण दुसरंच होतं. युरो कपात पोर्तुगाल आणि स्लोव्हेनियाचा सामना होता; रोनाल्डोची पेनल्टी अडली, तो रडला, मग गोलरक्षक कोश्ताने तीन पेनल्ट्या अडवल्या. आमच्या वाड्यावर टीव्हीसमोर बसलेल्यांत पोर्तुगालला पाठिंबा देणारे होते तसेच निव्वळ त्यांची जिरावी म्हणून बसलेलेही. सायकलच्या बातमीकडे बघायला कोणाला सवड होती? मी स्वतः ती दुसऱ्या दिवशी वाचली. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे: दोन लहान मुलूख, दोघांच्या डोक्यावर युरोपातल्या सत्तेचं ओझं, आमच्याकडे खेळ म्हणून फुटबॉल राहिला आणि त्यांच्याकडे सायकल, असं का?

इटलीने एरिट्रियाची वसाहत १८९० मध्ये जाहीर केली आणि ती १९४१ पर्यंत टिकली. तांबड्या समुद्रावरचं मसावा बंदर आणि वर डोंगरमाथ्यावरचं अस्मारा, समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटरवर. या दोन गावांमधला रस्ता शंभरेक किलोमीटरांत ती सगळी उंची उतरतो. चोर्ला घाट चढताना धाप लागणाऱ्यांनी डोळ्यांसमोर तीन-चार चोर्ला एकावर एक ठेवावेत. इटालियन लोकांनी अस्मारात सिनेमागृहं बांधली, कॉफीची दुकानं काढली, आणि सोबत सायकल आणली. तिथल्या तिग्रिन्या भाषेत सायकलला आजही 'बिश्कलेता' म्हणतात. इटालियन 'बिचिक्लेता'च ती. पोर्तुगिजांची 'बिसिक्लेता' तिची सख्खी बहीण.

सायकल आली, पण शर्यत आली नाही. म्हणजे स्थानिकांसाठी आली नाही. १९३० च्या दशकात अस्मारात ज्या शर्यती सुरू झाल्या त्या इटालियनांच्या इटालियनांसाठी. मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांचा तो काळ. एरिट्रियन माणसाने सायकलवरून निरोप पोचवावा, सामान वाहावं, इटालियनाशी चाक लावून पळू नये, अशी एकूण व्यवस्था. १९३९ मध्ये मात्र दोघांना एकाच शर्यतीत उतरवलं गेलं. कोण श्रेष्ठ ते एकदाचं दिसू दे, असा हेतू असावा. जिंकला गेब्रेमरियम गेब्रू, एरिट्रियन. श्रेष्ठत्व सिद्ध करायला मांडलेला डाव मांडणाऱ्यावरच उलटला, आणि ही गोष्ट अस्मारात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. सायकल हा तिथला राष्ट्रीय खेळ होण्याचं बीज मला तरी याच शर्यतीत दिसतं. १९४६ मध्ये गिरो डी एरिट्रिया ही अनेक टप्प्यांची शर्यतही झाली. मग देशाचं राजकारणच इतकं पालटत गेलं की खेळाला स्थिर जागा मिळेना. आधी ब्रिटिश अंमल, मग इथिओपियाशी जोडणी, मग इथिओपियात विलीनीकरण. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये एरिट्रियाचे सायकलपटू उतरले ते इथिओपियाच्या जर्सीत.

१९६१ हे साल आपल्याला पाठ आहे. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला एरिट्रियात सशस्त्र लढा सुरू झाला, तो पुढे तीस वर्षं चालला. आपल्या वाट्याला दोन दिवसांची लष्करी कारवाई आली, त्यांच्या वाट्याला एक अख्खी पिढी खाणारं युद्ध. १९९३ च्या सार्वमतानंतर देश स्वतंत्र झाला. मुसोलिनीच्या नावाचा हमरस्ता, अनेक नावं बदलत, हार्नेत म्हणजे स्वातंत्र्य मार्ग झाला, जसा पणजीत आपला अठरा जून रस्ता आहे. ताडांच्या रांगांमधल्या त्याच रस्त्यावर सायकलच्या शर्यती होतात आणि गाव कडेला उभं राहतं. २००१ मध्ये गिरो डी एरिट्रिया पुन्हा सुरू झाली.

गोव्यात फुटबॉल पोर्तुगिजांनी आणला असं आपण सरसकट म्हणतो. नोंद मात्र वेगळंच सांगते: १८८३ मध्ये शिवोलीला आलेल्या विल्यम लायन्स या ब्रिटिश पाद्रीने इथे चेंडू आणला. चर्चपुढच्या मोकळ्या जागांनी आणि पावसाळ्यानंतरच्या रिकाम्या शेतांनी तो टिकवला. खेळ रुजायला कप लागत नाही, मोकळी जागा आणि बघणारे लागतात. सायकलला आपल्याकडे बघणारे कधी लाभले नाहीत. ती कामाची होती. पहाटे पोंपों हॉर्न वाजवत येणाऱ्या पोदेराची म्हणजे पाववाल्याची, मागे बांबूच्या टोपलीत उंडे, पोळ्या, कांकणं, पोस्टमनची, मासळीवाल्याची. डिचोली-साखळीच्या खाणपट्ट्यात तर खनिजाचे ट्रक इतके झाले की पोराला सायकलवर शाळेत पाठवायला आईबाप धजत नसत. आमच्या शाळेच्या वार्षिक खेळांत सायकलची एकच शर्यत असायची, आणि ती हळू चालवण्याची! पाय न टेकता जो सगळ्यात शेवटी पोचेल तो पहिला. मी एकदा दुसरा आलो होतो. म्हणजे दुसरा सगळ्यात हळू.

इथे स्प्रिंटर म्हणजे नेमकं कोण ते सांगायला हवं, कारण रोड सायकलिंग पहिल्यांदा बघणाऱ्याला तो फुकट्या वाटतो. दिवसभर घोळक्यात लपून बसतो आणि शेवटी येऊन जिंकतो. यात तथ्य आहे, पण अर्धंच. पुढच्या माणसाच्या मागे चाकाला चाक लावून चालवलं की वाऱ्याचा मार बराच कमी होतो, ताकद वाचते. म्हणून संघातले सहकारी स्प्रिंटरला शेवटच्या दोनशे मीटरांपर्यंत आपल्या आडोशाने नेतात आणि एकेक करून बाजूला होतात. यालाच लीड-आउट म्हणतात. १९९० च्या दशकात मारिओ चिपोलिनीच्या साएको संघाने लाल जर्सीतली अशी आगगाडी करून दाखवली, तेव्हापासून ती सगळ्यांनी उचलली. मग दहा-पंधरा सेकंद हजार वॅटच्या वर जोर, ताशी सत्तरच्या आसपास वेग, दोन्ही बाजूंना खांदे आणि कोपरं. त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी आल्प्समध्ये ठरलेल्या वेळेच्या आत वर पोचायचं असतं, नाहीतर शर्यतीबाहेर. स्प्रिंटरची खरी लढाई बहुतेकदा डोंगरातच असते, फक्त ती कॅमेऱ्यात फारशी दिसत नाही.

हिरवी जर्सी ही टूरमध्ये सगळ्यात जास्त गुण मिळवणाऱ्याची. टूरला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९५३ मध्ये ती सुरू झाली. सपाट टप्पा जिंकला की ५० गुण, वाटेतल्या मधल्या स्प्रिंटला कमाल २०. तीन आठवडे रोज थोडं थोडं वेचावं लागतं, एखाददुसऱ्या विजयाने भागत नाही.

गिरमाय २ एप्रिल २००० चा. १८ व्या वर्षी तो स्वित्झर्लंडमधल्या एग्ल गावी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या प्रशिक्षण केंद्रात आला. ज्या देशांत व्यावसायिक संघ नाहीत तिथली गुणी पोरं हेरून आणायची ही जागा. २०२० मध्ये फ्रान्सच्या डेल्को संघाकडून तो व्यावसायिक झाला, पण तो संघच डबघाईला आला आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये, हंगाम अर्ध्यावर असताना, बेल्जियमच्या इंटरमार्शे-वांटी संघाने त्याला घेतलं. वरच्या श्रेणीतला, पण तिथला कमी पैशांचा संघ. महिनाभरात लुव्हेनला २३ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत त्याला रौप्य मिळालं. हे वाक्यात लिहायला सोपं आहे. त्यामागे व्हिसाच्या खेपा आणि घरापासून महिनोन्‌महिने लांब राहणं असतं. आमच्याकडे आजोबा १९६१ च्या आधी जन्मले असतील तर पोर्तुगीज पासपोर्टची वाट तरी सापडते. अस्माराच्या पोराला तशी सोय नाही.

२७ मार्च २०२२ ला तो गेंट-वेवेल्गेम जिंकला. बेल्जियमच्या दगडी चढांची ही जुनी शर्यत याआधी एकाही आफ्रिकी सायकलपटूने जिंकली नव्हती. खरं तर ती त्याच्या वेळापत्रकातही नव्हती. दोनच दिवसांपूर्वी दुसऱ्या एका शर्यतीत पाचवा आला म्हणून त्याला थांबवून घेतलं. चौघे शेवटी एकत्र आले आणि यानेच सगळ्यांत आधी, लांबून जोर लावला. पुढच्याच रविवारी टूर ऑफ फ्लॅंडर्स होती. सगळा बेल्जियम त्याला तिथे बघायला आतुर, आणि हा गेला घरी. बायको आणि लहान मुलगी अस्मारात होती, त्यांना बघून महिने झाले होते. व्यावसायिक खेळात असा निर्णय दुर्मीळ. काहींना तो भोळेपणा वाटला असेल, मला त्यात शहाणपण दिसतं.

१७ मे २०२२. गिरो डी इटालियाचा दहावा टप्पा, शेवट येझी गावात. मॅथ्यू व्हान डर पोलसारख्याला चढत्या रस्त्यावरच्या स्प्रिंटमध्ये हरवून गिरमाय जिंकला, आणि तीन आठवड्यांच्या मोठ्या शर्यतीचा टप्पा जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी झाला. मग व्यासपीठावर प्रोसेक्को या फेसाळ वाइनची बाटली उघडताना बूच उडून डाव्या डोळ्यात बसलं. दुसऱ्या दिवशी तो सुरुवातीच्या रेषेवर नव्हता. विजयाने माणूस जायबंदी झाल्याचं याहून सरळ उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

त्यानंतरचा काळ खाली-वर. २०२३ ला टूर डी स्वीसचा एक टप्पा, पहिल्या टूर डी फ्रान्समध्ये मात्र काहीच नाही. २०२४ च्या गिरोत चौथ्याच टप्प्यात पडून माघार. ट्यूरिनला तो आला तेव्हा त्याच्यावर फार कोणाची नजर नव्हती. ट्यूरिननंतर दोनच दिवसांनी मार्क कॅव्हेंडिशने वयाच्या ३९ व्या वर्षी आपला ३५ वा टप्पा जिंकून एडी मर्क्सचा १९७५ पासूनचा विक्रम मोडला, त्यामुळे जगाचं लक्ष तिकडे वळलं ते साहजिकच. इकडे गिरमायने कोलोम्बे-ले-दोझ-एग्लीझ आणि व्हिलनव्ह-स्युर-लो असे आणखी दोन टप्पे घेतले. त्याच्या संघाने त्याआधी टूरमध्ये एकही टप्पा जिंकलेला नव्हता.

यातला कोलोम्बेचा शेवट चढाचा होता आणि तिथेच त्याची जातकुळी कळते. चिपोलिनीसारखा तो निव्वळ सपाटीवरचा स्प्रिंटर नाही. अस्मारात सपाटी शोधायची तर गावाबाहेर दूर जावं लागतं. छोटे चढ पचवून शेवटी वेग काढणारा हा प्रकार आहे. जड बांध्याचे प्रतिस्पर्धी गळतात तिथे तो उरतो आणि मधले गुण वेचतो. सोळाव्या टप्प्यात नीमला पोचण्याआधी तो पडला, हात-गुडघा खरचटला, हिरव्या जर्सीसाठीचा प्रतिस्पर्धी यास्पर फिलिप्सन जिंकला आणि गिरमायची गुणांची आघाडी निम्म्याहून कमी झाली. दुसऱ्या दिवशी पट्ट्या बांधून तो पुन्हा निघाला. २१ जुलैला, पॅरिसमध्ये ऑलिंपिकची तयारी असल्यामुळे टूर नीसमध्ये संपली. गिरमाय ३८७ गुणांसह हिरव्या जर्सीत होता. आफ्रिकेत ती जर्सी पहिल्यांदाच गेली.

आता सुरुवातीचं ट्यूरिन. गिरोचा विजय येझीत, टूरचा पहिला विजय ट्यूरिनमध्ये, दोन्ही इटलीच्या मातीत. ज्यांनी सायकल आणली आणि तिच्यावर शर्यत करायला मनाई केली त्यांच्याच गावांत. मार्ग आखणाऱ्यांच्या मनात असं काही नव्हतं हे उघड आहे. पण गेब्रूची गोष्ट ऐकत वाढलेल्या अस्मारात ही गावं कोणत्या देशातली ते कोणाला समजावून सांगावं लागलं नसेल.

गिरमायच्या आधीची एक पायरी इथे राहून गेली. २०१५ मध्ये दानिएल तेक्लेहाइमानोतने टूरमध्ये डोंगरचढांचे सगळ्यात जास्त गुण असलेल्याची ठिपक्यांची जर्सी काही दिवस अंगावर घातली होती. तोही एरिट्रियाचा. गिरमाय तेव्हा १५ वर्षांचा होता.

आपल्याकडे २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, तेव्हा ट्रॅक सायकलिंग दिल्लीला घ्यावं लागलं. वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचा खास ट्रॅक, इथे नाही. रस्त्यावर मात्र आता मिरामार-दोनापावलाला पहाटे घट्ट कपड्यांतले सायकलवाले दिसतात, २०१९ पासून पोहणं, सायकल आणि धावणं एकत्र असलेल्या आयर्नमॅन शर्यतीचीही भर पडली. बहुतेक चाळिशीतले, डॉक्टर, अभियंते. सायकलींच्या किमती मोटरसायकलीपेक्षा जास्त. पोदेर त्याच वेळी त्यांच्या बाजूने जातो, आणि टोपली भरलेली असली तरी उतारावर बऱ्याचदा तोच पुढे असतो.

पुढच्या वर्षीच्या टूरचा पहिला टप्पा ५ जुलै २०२५ ला लील शहरात संपला. पहिल्या टप्प्याचा विजेता आपोआप पिवळ्या, म्हणजे एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याच्या जर्सीत जातो. वाऱ्याने घोळका फुटला होता, पुढच्या थोड्यांत गिरमाय होता आणि शेवटच्या रेषेवर त्याच्या पुढे एकच चाक होतं, फिलिप्सनचं.