धुरामुळे गाडीत शिरलेला संगणक

गाडीतलं इलेक्ट्रॉनिक्स म्हटलं की आज डोळ्यांसमोर मोठा टचस्क्रीन येतो. पण संगणक गाडीत आला तो चैनीसाठी नव्हे, धुरामुळे.

त्याआधी पेट्रोल किती जायचं ते कार्ब्युरेटरचा, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा, जेट (बारीक भोक) ठरवायचा आणि ठिणगी कधी पडायची ते डिस्ट्रिब्युटरमधले, म्हणजे ठिणगीची वीज वाटून देणाऱ्या भागातले, पॉइंट (उघडझाप करणारे संपर्क). पॉइंट खराब झाले की ते घासायचे, फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्टीने, फट लावायची, की गाडी पुन्हा सुरळीत. १९६७ साली फोक्सवॅगन १६०० मध्ये बॉशचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा, आलं, तेही अमेरिकेतल्या धुराच्या नियमांपायी.

खरी कलाटणी मिळाली ती तिथल्या १९७० च्या 'क्लीन एअर अ‍ॅक्ट'नंतर. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या तिन्हींचा एकदम बंदोबस्त करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तयार झाला, पण त्याची एक अट होती. वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, जवळपास तंतोतंत. हे काम कार्ब्युरेटरच्या आवाक्यातलं नव्हतं. मग एक्झॉस्टच्या पाइपातच बोटाएवढा ऑक्सिजन सेन्सर बसवला गेला. पेट्रोल जास्त झालं की सेन्सरच्या झिर्कोनियाच्या (एका सिरॅमिकच्या) टोकाकडून सुमारे ०.९ व्होल्ट येतात, कमी पडलं की ०.१. पण तापल्याशिवाय तो काही सांगतच नाही. तो सांगेल तसं पेट्रोल क्षणोक्षणी कमीजास्त करायचं, तर संगणक आलाच. १९७६ मध्ये व्होल्वोने हा सेन्सर गाडीत आणला. माझ्या मते पुढचं सगळं या बोटभर तुकड्यातून निघालं.

१९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आलं आणि चाकांवरही सेन्सर बसले. प्रत्येक नव्या सोयीबरोबर वायरिंगचा जुडगा मात्र फुगत गेला. बॉशने १९८६ मध्ये मांडलेल्या 'कॅन' पद्धतीने तो आटोक्यात आणला: एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारांवरून सगळे कंट्रोलर (गाडीतले छोटे संगणक) आपापली माहिती पाठवणार, ज्याला हवी त्याने घ्यावी. १९९६ पासून अमेरिकेत ओबीडी-२, म्हणजे गाडीने आपले बिघाड स्वतःच नोंदवून ठेवणं, सक्तीचं झालं आणि मेकॅनिकच्या हातात स्कॅनर आला.

माहिती सामायिक झाल्यावर एकाच सेन्सरकडून चार कामं करून घेता आली. चाकाचा सेन्सर एबीएससाठी बसवलेला, पण हवा कमी झालेल्या टायरचा घेर किंचित घटतो, चाक थोडं जास्त फिरतं, आणि त्यावरून पंक्चरचाही सुगावा लागतो. समोरच्या काचेमागे तर आता लेन ओळखणारा कॅमेरा असतो. त्यामुळे दगड लागून काच बदलली, तर अशा गाडीत कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशनही, म्हणजे त्याची नेमकी जुळणी, करावं लागतं.