जुना डॉस प्रोग्राम, नवा लिनक्स संगणक आणि फुल स्क्रीन

वीस-पंचवीस वर्षं ज्या प्रोग्रामवर बिलं केली, त्याच्या कळा बोटांना पाठ असतात. म्हणून मशीन बदललं तरी चालता प्रोग्राम टाकू नका, असंच आम्ही ग्राहकांना सांगतो. डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची, संगणक चालवणारी प्रणाली. ६४-बिट विंडोजवर तिचे प्रोग्राम थेट चालत नाहीत. लिनक्स या विंडोजऐवजी वापरायच्या मोफत प्रणालीवरही थेट नाहीत, पण तिथे डॉसबॉक्स नावाचा मोफत प्रोग्राम आपल्या पोटात जुना संगणकच उभा करतो.

डॉसबॉक्स सुरू केला की आधी छोटी खिडकी दिसते. ऑल्ट धरून एंटर दाबलं की ती फुल स्क्रीन होते, पुन्हा तेच केलं की खिडकी परत येते. पण काम एवढ्यावर संपत नाही. मूळ सेटिंग तसंच ठेवलं तर डॉसबॉक्स मॉनिटरलाच जुन्या मापावर यायला सांगतो. मग अक्षरं पसरट आणि धुरकट दिसतात, कधी बाहेर आल्यावर डेस्कटॉपवरचे आयकॉन विस्कटलेले असतात. म्हणून आम्ही सेटिंगच्या फाइलमध्ये फुल स्क्रीनचं माप ‘डेस्कटॉप’, आउटपुट (चित्र पडद्यावर काढायची पद्धत) ‘ओपनजीएल’ आणि आस्पेक्ट (चित्राच्या रुंदी-उंचीचं मूळ प्रमाण राखणं) चालू असं करून देतो. जुन्या मॉनिटरचं प्रमाण ४:३ होतं. त्यामुळे १९२०×१०८० च्या स्क्रीनवर चित्र १४४०×१०८० इतकं येतं आणि दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलची काळी पट्टी राहते. ती पट्टी बिघाड नव्हे. ती घालवायला चित्र ताणलं, तर ८० अक्षरांची ओळ दिवसभर वाचणाऱ्याचे डोळे दुखतात.

कंट्रोल+एफ९ या जोडीपासून मात्र सांभाळा. डॉसबॉक्समध्ये ती दाबली की काही न विचारता सगळं बंद होतं, आणि नोंद अर्धवट असेल तर ती गेली. टर्बो सी++ या प्रोग्रामिंग शिकवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकी हीच जोडी प्रोग्राम चालवायची, म्हणून शिकवणीवाल्यांची हमखास फसगत होते. कंट्रोल+एफ१ ने कळांचा नकाशा उघडतो. त्यात आम्ही ती बदलून देतो. माउस आत अडकला तर कंट्रोल+एफ१० दाबा.

प्रिंटरचं आधी सांगा. डॉसबॉक्स मुळात खेळांसाठी बनलेला आहे, त्यात छपाईची सोय नाही. डॉट मॅट्रिक्सवर पावत्या काढायच्या असतील तर आम्ही डॉसबॉक्स-एक्स किंवा डॉसेमू२ हे छपाई जमणारे त्याच धर्तीचे प्रोग्राम बसवतो. दोन-तीन मशिनांवरून एकच खातं एकाच वेळी उघडत असाल तरीही साधा डॉसबॉक्स नको.

एक गोष्ट आमच्या हातात नाही. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड (भारतीय लिपी दाखवणारं, संगणकाच्या आत बसवायचं कार्ड) लावून जे प्रोग्राम मराठी दाखवायचे, त्यांना ते कार्डच लागतं. नव्या मदरबोर्डवर ते बसत नाही आणि डॉसबॉक्स त्याची नक्कल करत नाही. म्हणून खातेदारांच्या नावांच्या जागी चौकटी आणि रेघा उमटतात. ते पाहून घाबरू नका, फाइलमधलं नाव पुसलेलं नसतं. माहिती इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतात साठवलेली असेल तर ती युनिकोड या आजच्या सर्वमान्य संकेतात उतरवता येते. हे काम वेळखाऊ आहे, पण आम्हाला मनापासून आवडतं.

येताना जुन्या मशिनची हार्ड डिस्क आणा, आणि त्याआधी प्रोग्रामच्या पूर्ण फोल्डरची एक प्रत स्वतःकडे ठेवा. फाइलींची नावं मात्र बदलू नका. डॉसला आठ अक्षरांपेक्षा मोठं नाव कळत नाही.