सहल, क्षेत्रभेट आणि सोलापूरचा परिसर

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरल्या की सोलापुरात सहलीच्या सूचना मुलांच्या वहीतून घरी पोहोचू लागतात. त्यांत रायगड असतो, कोकणचा किनारा असतो, अलीकडे वॉटर पार्कही असते. सोलापूरजवळचे नान्नज किंवा हत्तरसंग कुडल क्वचितच दिसते. सहलीला 'शैक्षणिक' हे विशेषण कोणत्या विचारातून लागले, हे पाहिल्यास ही निवड काहीशी उलटी वाटते.

मुलाचा भूगोल तो राहतो त्या गावापासूनच सुरू व्हावा, असे तत्त्वज्ञ रूसोने १७६२ मध्येच लिहिले होते. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले, तर १९७५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने प्राथमिक वर्गांत परिसर अभ्यासाला स्थान दिले. या साऱ्या विचारात प्रवासाचे अंतर गौण होते. मुलाने स्वतः पाहणे, विचारणे आणि नोंदवणे महत्त्वाचे होते. दहावीच्या भूगोलातील क्षेत्रभेटीचा पाठ याच वळणाचा आहे, आणि त्यातील प्रवास सोलापूरकरांच्या शेजारच्या नळदुर्गपासून अलिबागपर्यंतचा आहे, हा योग मोठा गमतीचा.

अशा भेटीतून नेमके काय साधते, याचा काटेकोर अभ्यास मात्र बराच उशिरा झाला. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात २०११ मध्ये एक कलासंग्रहालय उघडले, तेव्हा शाळांची मागणी इतकी झाली की भेटीचा मान चिठ्ठ्या टाकून ठरवावा लागला. त्यामुळे जाऊन आलेल्या आणि न गेलेल्या मुलांची न्याय्य तुलना करण्याची दुर्मिळ संधी संशोधकांना मिळाली. सुमारे ११ हजार विद्यार्थ्यांच्या या पाहणीत भेट दिलेल्या मुलांना चित्रांमागील माहिती आठवड्यांनंतरही आठवत होती, अनोळखी चित्राचे निरीक्षण ती अधिक बारकाईने करीत होती, आणि हा लाभ ग्रामीण व गरीब भागांतील शाळांच्या मुलांना अधिक झाला होता. ज्यांना घरून असे काही पाहायला मिळत नाही त्यांच्यासाठी शाळेची सहल सर्वांत मोलाची ठरते, हा निष्कर्ष मला इतर कोणत्याही आकड्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. कारण आपल्याकडे शुल्क परवडत नाही म्हणून सहलीतून गळतात ती हीच मुले.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींवरील निर्बंध कडक झाले, आणि ते योग्यच होते. तथापि त्या दुर्घटनेतून जवळच्या, अभ्यासाच्या भेटीकडे वळण्याचा धडा फारसा कोणी घेतला नाही.

वास्तविक भीमा-सीनेच्या संगमावरील कुडल येथे शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा, मराठीतील सर्वांत जुन्या लेखांपैकी एक शिलालेख आहे. नान्नजचे माळरान माळढोक पक्ष्याचे अभयारण्य म्हणून १९७९ मध्ये राखले गेले. दोन्ही ठिकाणी सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतता येते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची तरतूद केली आहे. सोलापुरात असा कारागीर शोधण्यासाठी गाडी ठरवण्याचीही गरज नाही. जकार्ड या मागावरील नक्षीयंत्रणेच्या छिद्रांच्या पुठ्ठ्यांवरून चादरीवर नक्षी कशी उतरते, हे पूर्व भागातील यंत्रमागावर उभे राहून पाहता येते.