जखम भरते, दुखणं का राहतं?

अमेरिकेच्या यादवी युद्धात गोळी लागून मज्जातंतू दुखावलेल्या सैनिकांवर सायलस वेअर मिचेल हे डॉक्टर फिलाडेल्फियात उपचार करत. १८६४ साली त्यांनी सहकाऱ्यांसह या रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. जखमा भरून आल्या होत्या, पण हातापायांची आग काही केल्या शमत नव्हती. काही जण पाण्याची बाटली आणि स्पंज कायम जवळ बाळगत. कातडी क्षणभर कोरडी पडलेली त्यांना सोसत नसे. एक जण तर चालताना पाय घासू नये म्हणून बुटातच पाणी ओतून घेई.

नुसत्या स्पर्शानं जीव कासावीस करणारं हे दुखणं आजही तसंच आहे. तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतात. तपासण्यांत काही सापडलं नाही की ‘तुमच्या मनाचं आहे’ असं ऐकावं लागतं. ठणका सोसणाऱ्यानं वर खोटेपणाचा डागही सोसायचा, हे मला फार अन्यायाचं वाटतं. तो डाग पुसण्यात एका दुर्लक्षित पेशीच्या अभ्यासाचा वाटा मोठा आहे. ती पेशी म्हणजे मायक्रोग्लिया, मेंदूत आणि मज्जारज्जूत कायम वस्तीला असलेली रोगप्रतिकारक पेशी.

दुर्लक्षाचं मूळ नावातच आहे. १८५६ साली रुडॉल्फ विर्शो या जर्मन शास्त्रज्ञानं न्यूरॉनच्या, म्हणजे संदेश वाहणाऱ्या चेतापेशींच्या, मधल्या भरावाला न्यूरोग्लिया म्हटलं. ग्रीक भाषेत ग्लिया म्हणजे डिंक. संदेश न्यायचे ते न्यूरॉननी, बाकीच्यांनी फक्त त्यांना जागेवर धरून ठेवायचं, अशी समजूत रुजली ती रुजलीच.

या भरावात वेगवेगळ्या पेशी आहेत हे कळत गेलं, पण त्यातल्या सर्वांत लहान पेशी नेहमीच्या रंगद्रव्यांना दाद देत नव्हत्या. माद्रिदमध्ये पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी मेंदूचे पातळ काप सिल्व्हर कार्बोनेटच्या द्रावणात रंगवले आणि त्या प्रथमच स्वच्छ दिसल्या: इवलंसं गडद केंद्रक आणि चहूबाजूंना काटेरी झुडपासारख्या बारीक फांद्या. १९१९ मध्ये त्यांनी या पेशींना मायक्रोग्लिया हे नाव दिलं. त्याहून मोलाचं म्हणजे त्यांनी जखमी मेंदूही पाहिला. तिथे याच पेशी फांद्या आखडून गोल होत, जखमेकडे सरकत आणि मेलेल्या पेशींचा कचरा गिळत. डिंक असा हलत नसतो. पुढे यादवी युद्धामुळे रिओ-ओर्तेगांना स्पेन सोडावं लागलं; १९४५ मध्ये ब्युनोस आयर्समध्ये त्यांचं निधन झालं.

वेदनेचे अभ्यासक मात्र बराच काळ न्यूरॉनपाशीच थांबले. इजा झाली की मेंदूत वेदना ठरलेलीच, दोरी ओढली की घंटा वाजावी तशी, हा फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं सतराव्या शतकात दिलेला दाखला १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या वेदना-संशोधकांनी मोडीत काढला: मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे आणि ते वेदनेचे संदेश कमी-जास्त सोडतं. १९८३ मध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी दाखवलं की इजा झाल्यावर मज्जारज्जूच अतिसंवेदनशील होऊ शकतो. पण त्याला तसं ठेवतं कोण?

नव्वदच्या दशकात उंदरांच्या पायाच्या मज्जातंतूला इजा केल्यावर मज्जारज्जूतल्या ग्लिया पेशी चेतवलेल्या दिसू लागल्या. तरी ते वेदनेचं कारण की नुसता परिणाम, हे ठरत नव्हतं. त्याचं उत्तर २००३ साली माकोतो त्सुदा, काझुहिदे इनोए आणि टोरंटोचे मायकेल साल्टर यांच्या गटानं दिलं, आणि या सगळ्या इतिहासात मला हीच जागा सर्वांत महत्त्वाची वाटते. मज्जातंतूला इजा झाल्यावर मायक्रोग्लियावर पी-टू-एक्स-फोर नावाचे ग्राहक (रासायनिक संदेश टिपणारी प्रथिनं) वाढतात. ते अडवले की स्पर्शानं होणारी वेदना उतरते. मग त्यांनी उलटा प्रयोग केला. प्रयोगशाळेत एटीपी या पेशींतल्या ऊर्जावाहक रेणूनं चेतवलेल्या मायक्रोग्लिया धडधाकट उंदरांच्या मज्जारज्जूपाशी सोडल्या. कुठेही इजा नाही, तरी ते उंदीर हलक्या स्पर्शानंही पाय मागे घेऊ लागले.

हे कसं घडतं, तेही दोन वर्षांत कळलं. चेतलेली मायक्रोग्लिया बीडीएनएफ हे प्रथिन सोडते. त्यामुळे न्यूरॉनमधून क्लोराइड बाहेर टाकण्याची व्यवस्था ढासळते. एरवी न्यूरॉनला शांत करणारा गाबा हा रासायनिक संदेशवाहक मग शांत करेनासा होतो, कधी तर उलट चेतवतो. ब्रेकवर पाय द्यावा आणि गाडीनं वेग घ्यावा, तसं.

एवढं हाती आल्यावर औषध जवळच आहे असं वाटणं साहजिक होतं, पण तसं झालं नाही. ग्लियाला आवरणारं, उंदरांत गुणकारी ठरलेलं प्रोपेंटोफायलिन हे औषध नागिणीनंतरच्या वेदनेत माणसांना उपयोगी पडलं नाही. मायक्रोग्लियाला रोखणाऱ्या मिनोसायक्लिन या प्रतिजैविकानं उंदरांतही वेदना सुरू होण्याआधी अडवली, पण एकदा मुरलेली हटवली नाही. आणि रुग्ण तर दुखणं मुरल्यावरच येतो. २०१५ मध्ये जेफ्री मोगिल यांच्यासह काम करणाऱ्या गटानं आणखी एक धक्का दिला: मायक्रोग्लिया रोखल्यावर नर उंदरांची वेदना कमी होते, माद्यांची होत नाही. त्यांच्यात टी-पेशी, म्हणजे रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी, ते काम करत असाव्यात. तोवरचे बहुतेक प्रयोग नरांवर झाले होते. दीर्घकालीन वेदना सोसणाऱ्यांत स्त्रियांचं प्रमाण जास्त असताना हे इतकी वर्षं कोणी तपासलं नाही, याची खंत वाटते.

माणसांतला पुरावा अजून अप्रत्यक्ष आहे. २०१५ मध्येच बॉस्टनच्या संशोधकांना जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांच्या मेंदूत, विशेषतः थॅलॅमस या संवेदना पुढे पाठवणाऱ्या भागात, ग्लिया चेतल्याची खूण पेट (पीईटी) स्कॅनवर दिसली. पण ही खूण एकट्या मायक्रोग्लियाची नसते, ॲस्ट्रोसाइट या दुसऱ्या ग्लिया पेशींतूनही ती येऊ शकते.

दरम्यान त्सुदा यांचं काम जपानमध्ये चालूच होतं. २०२२ साली त्यांच्या गटाला उंदरांच्या मज्जारज्जूत मायक्रोग्लियाचा एक वेगळा गट सापडला. मज्जातंतूला इजा झाल्यावर तो उशिरा दिसू लागतो, आणि वेदना ओसरते ती त्याच्यामुळेच. हा गट काढून टाकल्यावर बऱ्या झालेल्या उंदरांची वेदना पुन्हा उलटली.