नाव घालण्याआधी एवढं वाचा

आमचं प्रसूतिगृह म्हणजे सिस्टरांचं राहतं घर. पुढच्या खोल्यांत बाळंतिणी, मागे सिस्टर स्वतः. खाटा मोजक्याच, म्हणून कळा सुरू झालेल्या बाईजवळ सिस्टर शेवटपर्यंत बसून असतात.

‘घरात बाळंतपण सुरक्षित असतं का?’ असं बहुतेकजण विचारतात, आणि विचारायलाच हवं. १८४७ साली व्हिएन्नातल्या मोठ्या रुग्णालयात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले, तेव्हा बाळंतज्वरानं जाणाऱ्या बायकांची संख्या झपाट्यानं घटली. तिथल्याच सुईणींच्या विभागात मृत्यू आधीपासून कमी होते, कारण त्या डॉक्टरांसारख्या शवविच्छेदन करून बाळंतिणीकडे येत नसत. म्हणून आमच्याकडे खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकानं आधी हात धुवायचे, आजीनंसुद्धा.

कळा वाढल्या की बाळाचे ठोके दर अर्ध्या तासानं मोजतो, जोर करण्याच्या वेळी दर पाच मिनिटांनी. ते मिनिटाला ११० ते १६० असावेत. बाळ चांगलं रडलं की ते आईच्या उघड्या छातीवर ठेवतो. नाळ कापायची घाई करत नाही, एक ते तीन मिनिटं थांबतो. पहिलं दूध तासाभरात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुळी, पायाळू बाळ, आधीचं सिझर, वार (बाळाला पोसणारी) खाली गर्भाशयाच्या तोंडाशी असणं, १४०/९० किंवा त्याहून जास्त रक्तदाब, ३७ आठवड्यांआधीच्या कळा: यांपैकी काहीही असेल तर आम्ही घेत नाही. नाही म्हणताना जीव तुटतो, कारण बाई विश्वासानं आलेली असते. पण आमच्याकडे शस्त्रक्रियेची सोय नाही, रक्त नाही. बाळ झाल्यावर रक्तस्राव आवरेना, तर हातातला वेळ फार थोडा असतो. असा रक्तस्राव टाळण्यासाठी बाळ बाहेर येताच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतो. तरीही अर्धा लिटरच्या पुढे रक्त गेलं तर उपचार चालू ठेवूनच मोठ्या रुग्णालयात हलवतो, आणि सिस्टर गाडीत सोबत बसतात.

कळा पाच-पाच मिनिटांवर आल्या की निघा. पाणी हिरवट गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल मंदावली किंवा डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर आमच्याकडे न येता थेट मोठं रुग्णालय गाठा. वाटेत आम्हाला फोन करा.

पहिल्या भेटीला तपासण्यांचे सगळे कागद आणा. मागच्या खेपेला काही बिघडलं असेल तर तेही सांगा, रागावणार नाही.