कॉर्नरो

कॉर्नरो : डोक्याच्या त्वचेला चिकटून, ओळीने घातलेल्या बारीक आणि उठावदार वेण्यांची केशरचना. तिचा उगम आफ्रिकेतला. आज ती आफ्रिका, कॅरिबियन बेटे, ब्राझील, कोलंबिया, अमेरिका आणि ब्रिटन येथील आफ्रिकी वंशाच्या लोकांत रूढ आहे. ती पुरुषही घालतात, मात्र तिचे सर्वाधिक प्रकार स्त्रियांनी, त्यातही रसायनाने सरळ न केलेले नैसर्गिक केस राखणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी घडवले आहेत.

अमेरिकेत हे नाव मक्याच्या शेतातील ओळींवरून पडले. कॅरिबियन बेटांवर याच रचनेला ‘केनरो’, म्हणजे उसाच्या ओळी, म्हणतात. उसाच्या मळ्यांत राबवण्यासाठीच तेथे लाखो आफ्रिकी लोकांना गुलाम करून आणले होते, हे लक्षात घेतले की हे साधे वाटणारे नाव जड होते. मराठी वाचकाला रचना समजण्यासाठी सरी-वरंब्याचे चित्र पुरेसे आहे : वेणी हा वरंबा आणि दोन वेण्यांमधला भांग ही सरी. कारागिराचे कसब पाहायचे तर आधी सरी पाहावी. भांग सरळ, स्वच्छ आणि समान अंतरावर नसेल तर वेणी कितीही सुबक असली तरी रचना फसते.

घालण्याची रीत. आपली सागरवेणी ज्यांना घालता येते त्यांना अर्धे काम येते. तीन पेड घ्यायचे आणि पुढे सरकताना प्रत्येक वळणाला खालचे थोडे केस उचलून पेडात मिसळायचे, इथपर्यंत दोन्ही सारख्याच. फरक एका हालचालीचा आहे. सागरवेणीत बाजूचे पेड मधल्या पेडावरून जातात, त्यामुळे वेणी केसांत बुडते. कॉर्नरोत ते मधल्या पेडाच्या खालून जातात, त्यामुळे वेणी वर उठून दिसते. बोटे त्वचेला टेकवून ठेवावी लागतात. ती उचलली की वेणी सैल पडते.

केस आधी धुऊन, कंडिशनर लावून, रुंद दातांच्या फणीने टोकाकडून मुळाकडे विंचरून गुंता काढतात. मग ते ताणून किंवा हलक्या गरम हवेने सुकवून लांब करतात. टोकदार दांड्याच्या बारीक फणीने भांग पाडतात, भांगावर जेल लावतात आणि वेणी सुरू करतात. मागे वळवलेल्या सहा-आठ जाड वेण्या सराईत हात तासा-दीड तासात घालतो. बारीक, वळणदार नक्षीला अर्धा दिवसही लागतो. या बैठकीत मुलगी आईच्या, मावशीच्या किंवा आजीच्या गुडघ्यांमध्ये खाली बसते. आफ्रिकी वंशाच्या असंख्य स्त्रियांची बालपणीची पहिली आठवण हीच आहे : मानेला लागलेली कळ, तेलाचा वास आणि डोक्यावरून चाललेल्या घरच्या गप्पा.

केसांचा पोत. घट्ट कुरळ्या केसाचा छेद चपटा, लंबगोल असतो आणि त्याचे मूळ त्वचेत वाकडे रुजलेले असते. त्वचेतले नैसर्गिक तेल मळसूत्रासारख्या वळणांवरून टोकापर्यंत पोहोचत नाही, म्हणून असे केस कोरडे राहतात आणि प्रत्येक वळणावर तुटायला आलेले असतात. कोरडे झाल्यावर ते आक्रसतात. खांद्यापर्यंतचे केस कानाशी आलेले दिसतात. रोजचे विंचरणे या केसांना सोसत नाही. कॉर्नरोत टोके गुंफली जातात, फणी काही आठवडे दूर राहते, आणि वाढलेली लांबी तुटून न जाता टिकते. म्हणून तिला ‘संरक्षक’ रचना म्हणतात. हे विशेषण तिने कमावलेले आहे, पण वेणी सैल असेल तोवरच. घट्ट वेणी हेच केस मुळासकट घालवते.

आफ्रिकेतील परंपरा. नायजेरियातील नोक संस्कृतीच्या दोन हजार वर्षांहून जुन्या भाजलेल्या मातीच्या मूर्तींवर काळजीपूर्वक घडवलेल्या केशरचना दिसतात. सिएरा लिओनमध्ये मेंदे स्त्रियांच्या सांदे संस्थेत वापरल्या जाणाऱ्या मुखवट्यांवरही गुंफलेल्या केसांचे उंच, रेखीव मुकुट कोरलेले असतात. इथिओपियाच्या उत्तरेकडे केस डोक्यालगत गुंफून मानेवर मोकळे सोडण्याची ‘शुरुबा’ रचना आहे. ती केवळ स्त्रियांची नव्हती. १९व्या शतकातील सम्राट दुसरा तेवोद्रोस आणि चौथा योहान्नेस यांच्या चित्रांत ती दिसते.

नायजेरियातील योरुबा लोकांनी या रचनांना दिलेली नावे ऐकण्यासारखी आहेत. ‘सुकू’त सगळ्या वेण्या वर माथ्याकडे चढतात आणि टोपलीसारख्या जमतात. ‘कोलेसे’ म्हणजे पाय नसलेली. वेण्या मानेशी येऊन संपतात, शेपटे उरत नाहीत. ‘पातेवो’ म्हणजे टाळी वाजव : दोन्ही बाजूंच्या वेण्या मध्यावर भेटतात. ‘इपाको एलेदे’ म्हणजे डुकराची मान. हिच्यात वेणी मानेपासून कपाळाकडे उलटी येते. ही नावे शेजारणींनी अंगणात बसून ठेवलेली वाटतात. योरुबा समजुतीत ‘ओरी’, म्हणजे मस्तक, हे माणसाच्या दैवाचे स्थान आहे, आणि म्हणूनच डोक्याला कोणाचा हात लागतो याला महत्त्व असते. नायजेरियन छायाचित्रकार जे. डी. ओखाई ओजेइकेरे (१९३०–२०१४) यांनी १९६८पासून अशा केशरचनांची सुमारे हजार छायाचित्रे काढली. बरीचशी पाठमोरी आहेत, चेहरा नाहीच. ती पाहताना केशरचना म्हणजे शिल्प, हे वेगळे सांगावे लागत नाही.

पश्चिम आफ्रिकेतील फुलानी स्त्रिया वेण्यांत मणी, चांदीची नाणी आणि कवड्या ओवतात. कवडीचा प्रवास आपल्या जवळून झाला आहे. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात दिसते तशी कवडी मालदीवमधून निघून पश्चिम आफ्रिकेत चलन म्हणून पोहोचली, आणि युरोपीय व्यापाऱ्यांनी तिच्या मोबदल्यात माणसे विकत घेतली.

गुलामगिरी आणि स्मृती. पकडलेल्या लोकांची डोकी अनेकदा जहाजावर चढवण्याआधीच भादरली जात. ज्या समाजांत केशरचनेवरून माणसाचे कुळ, वय आणि वैवाहिक स्थिती कळत असे, तेथे हा ओळख पुसण्याचा प्रकार होता. मळ्यांवर ना वेळ होता ना तेल-फण्या. तरी रविवारी, सुट्टीच्या दिवशी, स्त्रिया एकमेकींच्या वेण्या घालत. १७८६ मध्ये लुइझियानाचा स्पॅनिश गव्हर्नर एस्तेबान मिरो याने आफ्रिकी वंशाच्या स्वतंत्र स्त्रियांनी केस फडक्याने झाकावेत असा हुकूम काढला. त्यांनी ते फडके, ‘टिग्नॉन’, इतके डौलदार बांधले की हुकमाचा हेतूच फसला.

कोलंबियातील कार्ताहेनाजवळचे सान बासिलिओ दे पालेंके हे पळून आलेल्या गुलामांनी वसवलेले गाव. येथील स्त्रिया सांगतात की पणज्यांनी वेण्यांत पळवाटांचे नकाशे गुंफले होते : वळणाची वेणी म्हणजे वळणाची वाट, माथ्यावरची गाठ म्हणजे भेटण्याची जागा. सुरिनाममध्ये जंगलात निसटलेल्या लोकांच्या वंशजांतही, आजीने भाताचे दाणे केसांत लपवून आणले, ही कथा चालत आली आहे, आणि तेथील भाताच्या काही वाणांना आद्य स्त्रियांची नावे आहेत. नकाशाची गोष्ट मौखिक परंपरेतून आलेली आहे आणि ती तशीच सांगावी. इंटरनेटवर ती सगळ्या अमेरिकी गुलामांच्या नावावर, जणू दप्तरी पुरावा असल्यासारखी फिरते, ते बरोबर नाही. मात्र कागद मालकांच्या हाती होते आणि लपवलेल्या वाटेची नोंद कोणी करत नसतो. पालेंकेच्या स्त्रियांची आठवण म्हणून ती मौल्यवानच आहे. या गावाच्या सांस्कृतिक परंपरेला युनेस्कोने २००५ मध्ये मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरवले.

कचेरी, शाळा आणि न्यायालय. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत तापवलेली फणी आणि नंतर सरळीकरणाची रसायने हेच ‘नीटनेटके’ दिसण्याचे माप होते. १९६०च्या दशकात नागरी हक्कांच्या चळवळीबरोबर नैसर्गिक केस परतले. अभिनेत्री सिसिली टायसन यांनी १९६३ मध्ये दूरचित्रवाणी मालिकेत स्वतःचे नैसर्गिक केस दाखवले आणि पुढे कॉर्नरोही अभिमानाने मिरवल्या. मग १९७९ मध्ये बो डेरेक ही गोरी अभिनेत्री एका चित्रपटात मणी ओवलेल्या वेण्या घालून आली आणि वृत्तपत्रांनी त्या तिच्याच नावाने ओळखायला सुरुवात केली. याची किंमत दुसऱ्याच स्त्रीने मोजली. रेने रॉजर्स या विमानतळावर काम करणाऱ्या कर्मचारी स्त्रीने अमेरिकन एअरलाइन्सच्या कॉर्नरोबंदीविरुद्ध दावा लावला. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयाने तो फेटाळताना, ही रचना त्या चित्रपटानंतर लोकप्रिय झाली, या कंपनीच्या म्हणण्याची दखल घेतली. हजारो वर्षांचा वारसा एका चित्रपटाच्या खात्यावर जमा झाला.

१९९९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये व्हीनस विल्यम्सच्या वेण्यांतले मणी कोर्टवर सांडले म्हणून पंचांनी तिचा एक गुण घालवला. २०११ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने कॉर्नरोमुळे एका मुलाला प्रवेश नाकारणाऱ्या शाळेचा नियम अप्रत्यक्ष वांशिक भेदभाव ठरवला. २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया येथील मुलींच्या शाळेत विद्यार्थिनींनी केसांच्या नियमांविरुद्ध आंदोलन केले. कॅलिफोर्नियाने ३ जुलै २०१९ रोजी ‘क्राउन’ कायदा करून केसांच्या पोतावरून आणि वेण्यांसारख्या रचनांवरून नोकरीत व शाळेत भेदभाव करण्यास बंदी घातली. वीसहून अधिक राज्यांनी पुढे असे कायदे केले. संपूर्ण देशासाठीचे विधेयक २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले, पण सिनेटमध्ये अडले.

रचनांचे प्रकार. सर्वांत साधी रचना ‘स्ट्रेट बॅक’ : कपाळापासून मानेपर्यंत सरळ वेण्या. पोहणारीला, व्यायाम करणारीला आणि विग घालणारीला हीच सोयीची. केसांवर दुसरे केस शिवायचे असतील तर गोल फिरत आत जाणारी ओळ घालतात, म्हणजे फुगवटा येत नाही. दोनच जाड वेण्या मागे नेल्या की खेळाडूंची आवडती रचना होते. ज्यांना पहिल्यांदाच करून पाहायचे आहे त्यांनी स्ट्रेट बॅक किंवा या दोन जाड वेण्यांपासून सुरुवात करावी.

फुलानी धर्तीच्या रचनेत मध्यभागी एक वेणी कपाळाकडून मागे जाते, तिच्या दोन्ही बाजूंच्या वेण्या आडव्या उतरतात, आणि कानांपुढे एकेक वेणी उलटी, चेहऱ्याकडे लोंबते, टोकाला मणी. चेहऱ्याला इतकी छान चौकट दुसऱ्या कोणत्याही प्रकारात मिळत नाही, असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे. ‘लेमोनेड’ वेण्या सगळ्या एकाच बाजूला झुकतात. बियॉन्सेच्या २०१६ च्या त्याच नावाच्या अल्बमवरून हे नाव रूढ झाले, रचना मात्र तिच्या कितीतरी आधीची. ‘घाना’ वेणी मुळाशी बारीक आणि पुढे जाड होत जाते. ‘स्टिच’ प्रकारात प्रत्येक उचल नखाने किंवा फणीने आडवी आखून घेतात, त्यामुळे वेणीच्या कडेला शिवणीच्या टाक्यांसारख्या रेघा उमटतात. नागमोडी, बदामाच्या आकाराचे, त्रिकोणी भांगही पाडतात. लग्नसमारंभाला सुकू धर्तीने वर नेऊन अंबाडा घालतात. केस आखूड असतील, किंवा कुरळेपणा झाकायचाच नसेल, तर पुढच्या अर्ध्या भागात कॉर्नरो घालून मागचे केस फुलवून मोकळे सोडतात.

लांबीसाठी बहुधा कानेकालॉन या कृत्रिम धाग्याचे केस मिसळतात. पूर्वी ते सुरुवातीलाच गाठ मारून जोडत, त्यामुळे कपाळाशी गोळा दिसे आणि ओढ बसे. आता थोडे थोडे केस वाटेत मिसळत जातात. या ‘फीड-इन’ रीतीने वेणी कपाळातूनच उगवल्यासारखी दिसते. टोके गरम पाण्यात बुडवून पक्की करतात. मध्ये कुरळ्या बटा सोडायच्या असतील तेथे खरे मानवी केस वापरतात. त्या बाजारात भारतीय केसांना मोठी मागणी आहे; तिरुमला येथे भाविकांनी अर्पण केलेले केस लिलावातून परदेशी जातात.

अमेरिकन संशोधक रॉन एग्लॅश यांनी कॉर्नरोतील गणित उलगडले. वेणीचा प्रत्येक पेच हा आधीच्या पेचाची थोडी लहान केलेली, थोडी वळवलेली आणि सरकवलेली प्रत असते. यावर त्यांनी मुलांसाठी संगणकीय साधन तयार केले; त्यात चार आकडे बदलत डोक्यावरची वक्र वेणी उभी करता येते.

निगा. रात्री साटिनची टोपी किंवा रुमाल बांधावा. सुती उशी ओलावा शोषते. त्वचेला आठवड्यातून दोनदा हलके तेल, घाम फार येत असेल तर भांगांतून पातळ केलेला शांपू. नव्या कृत्रिम केसांनी खाज सुटत असेल तर ते आधी व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून, धुऊन वाळवावेत. मुलींच्या डोक्यावर जोडकेसांचे आणि भरपूर मण्यांचे ओझे घालू नये.

वेणी घातल्यावर भुवया वर ओढल्या जात असतील, हसताना कपाळ दुखत असेल किंवा केसांच्या रेषेवर पांढऱ्या पुळ्या आल्या असतील, तर वेणी घट्ट आहे आणि ती त्याच दिवशी सोडवावी. ‘सौंदर्यासाठी थोडे सोसावे’ हा सल्ला येथे घातक आहे. सततच्या ओढीने कपाळाकडील व कानशिलांवरील केस गळतात. त्वचारोगतज्ज्ञ याला ‘ट्रॅक्शन ॲलोपेशिया’ म्हणतात. वेळीच ओढ थांबवली तर केस परत येतात. मुळे वणावल्यावर येत नाहीत.

कॉर्नरो साधारण चार ते सहा आठवडे ठेवतात. सोडवताना जोडकेस कापण्याआधी आपले केस कुठे संपतात ते बोटाने चाचपावे, तेल लावून टोकाकडून उकलावे, आणि मुळाशी साचलेला मळ काढल्याशिवाय पाणी लावू नये, नाहीतर गुंता घट्ट बसतो. फणीत आलेला केसांचा गोळा पाहून पहिल्यांदा घाबरायला होते. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतातच; सहा आठवड्यांत गळलेले दोन ते चार हजार केस वेणीतच अडकून राहिलेले असतात आणि ते एकदम हातात येतात.