हातभर उलगडायचं आणि जहाज बघायचं

जपानच्या पश्चिमेला हिराडो नावाचं एक बेट आहे, तिथल्या मात्सुरा संग्रहालयात कागदाची एक लांब गुंडाळी जपून ठेवलीय. 18व्या शतकातली. तिच्यात 12 जहाजं आहेत, 11 चिनी व्यापाऱ्यांची आणि 1 डच, आणि पहिल्यांदा बघताना वाटतं की कुणीतरी मन लावून रंगवलेलं छान चित्र आहे, बस्स. पण जरा जवळ गेलात की दिसतं, चित्रासोबत जहाजाच्या भागांची मापं लिहिलीयत. शाकू आणि सुन मध्ये. एक शाकू म्हणजे साधारण 30 सेंटीमीटर, त्याचा दहावा भाग सुन. म्हणजे डोलकाठी, सुकाणू हे सगळं नुसतं बघून नाही काढलेलं, मोजून काढलंय. आणि कुठलं जहाज कुठलं तेही वेगळं दाखवलंय, नानजिंगचं वेगळं, निंगबोचं वेगळं, तैवानचं, सयामचं म्हणजे आजच्या थायलंडचं, बटाव्हियाचं म्हणजे आजच्या जकार्ताचं.

मला जहाजांच्या अशा जपानी गुंडाळ्या आवडतात त्या याच्यासाठी. कला म्हणून त्या सुंदर आहेतच, पण मला त्या निरीक्षणाच्या वह्या वाटतात. त्या काळातले चिनी सुतार जहाज बांधायचे ते हाताच्या आणि डोळ्यांच्या अंदाजाने, कागदावर आराखडे फारसे करायचेच नाहीत, आणि लाकडी जहाजं काही दोनशे-तीनशे वर्षं टिकत नाहीत. त्यामुळे ती कशी दिसायची, किती मोठी असायची हे शोधणाऱ्या अभ्यासकांना हिराडोची गुंडाळी म्हणजे खजिनाच आहे.

आता जपान्यांना एवढी मोजमापं करायची गरज का पडली? तर 1639 मध्ये शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, सरकारने पोर्तुगीजांना कायमचं बाहेर काढलं आणि त्यानंतर बाहेरचा बहुतेक व्यापार नागासाकी या एका बंदरात आला, तिथे फक्त चिनी आणि डच. अशा वेळी क्षितिजावर शीड दिसलं की ते कुणाचं हे कळायला हवं, नेहमीचं आहे की भलतंच कुणी आलंय. म्हणून नोंद करायची, आणि नोंद म्हणजे चित्र.

याच्या आधीचा एक धागा आपल्याकडे गोव्यात येतो. 16व्या शतकात पोर्तुगीजांची मोठी जहाजं गोव्याहून निघून मकावमार्गे नागासाकीला जायची आणि जपानी लोक त्यांना ‘कुरोफुने’ म्हणायचे, म्हणजे काळी जहाजं, डांबर फासलेल्या लाकडामुळे. कानो नाइझेन या चित्रकाराने काढलेला एक घडीचा मोठा पडदा कोबेच्या संग्रहालयात आहे (ही गुंडाळी नाही, पडदा आहे), त्याच्या एका भागात जहाज नागासाकीत येतंय आणि दुसऱ्या भागात ते परदेशातल्या बंदरातून निघतंय, आणि त्या परदेशी बंदरात चक्क हत्ती आहे! ते बंदर गोवा असावं असं काही अभ्यासक म्हणतात. नाइझेनने गोवा डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, ऐकीव माहितीवर काढलंय, पण हत्ती मात्र तिथपर्यंत पोचला.

गुंडाळी बघायची पद्धत पण वेगळी असते. ती भिंतीवर टांगत नाहीत, जमिनीवर किंवा मेजावर ठेवतात, डाव्या हाताने उलगडत जायचं आणि उजव्या हाताने बघून झालेलं गुंडाळत जायचं, एका वेळी हातभरच चित्र समोर. उजवीकडून डावीकडे. म्हणजे आधी किनारा, मग पहारेकऱ्यांच्या होड्या, मग पाणी, पाणी, पाणी, आणि मग अचानक जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक. थोडक्यात, जहाज हळूहळू जवळ येतानाचा अनुभवच ती देते.

सामान ऐकलं तर ओळखीचं वाटेल. कागद कोझो नावाच्या तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा, त्याचे धागे खूप लांब असतात म्हणून हजार वेळा गुंडाळून उलगडूनही तो चटकन फाटत नाही. शाई म्हणजे काजळी आणि सरस. पांढरा रंग शिंपल्यांची पूड. लाल भडक हवा तर हिंगूळ, विटकरी हवा तर गेरू, आणि या गेरूला जपानीत ‘बेंगारा’ म्हणतात, ते नाव बंगालवरून आलंय. निळ्यासाठी नीळ नाहीतर तांब्याचा निळा दगड कुटून. रंग कागदात पसरू नये म्हणून आधी तुरटी आणि सरसाचं पाणी मारून घ्यायचं, त्यामुळे रेघ कडक उमटते आणि दोरखंड न् दोरखंड वेगळा दिसतो. फक्त तुरटीचा तोटा असा की ती आम्लधर्मी असते आणि कालांतराने कागद ठिसूळ व्हायला लागतो.

आणि इथे विज्ञानाचं खरं काम सुरू होतं. समजा एका गुंडाळीवर 1720 साल लिहिलंय आणि समुद्र गडद निळा आहे. तो निळा कसला? गुंडाळीचा कण न काढता, नुसते क्ष-किरण टाकून कुठल्या धातूचे अणू आहेत ते कळतं. तांबं दिसलं तर तांब्याचा दगड. लोखंड दिसलं तर प्रशियन ब्लू, म्हणजे लोखंड असलेला कृत्रिम निळा रंग, असण्याची शक्यता. धातूच नाही दिसला तर बहुतेक नीळ. मग अवरक्त प्रकाशात फोटो काढून खात्री करता येते, कारण त्या प्रकाशात नीळ जवळजवळ गायब होते आणि प्रशियन ब्लू काळाच राहतो. आता हा रंग बर्लिनमध्ये 1700 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तयार झाला आणि जपानी चित्रांमध्ये त्याचा सपाटून वापर सुरू झाला तो 1830 च्या आसपास. त्यामुळे 1720 च्या समुद्रात तो सापडला, तर ती मूळ गुंडाळी नसून नंतरची नक्कल आहे किंवा नंतर कुणीतरी रंग चढवलाय असा संशय घ्यायलाच हवा.

नकला तर भरपूर व्हायच्या. छापखाना होता पण सरकारी कागद कोण छापणार, मग एका सरदाराच्या चित्रकाराकडून दुसऱ्याचा चित्रकार उतरवून घ्यायचा, त्याच्याकडून तिसरा. प्रत्येक नकलेत थोडं चुकायचं, एखादी दोरी गळायची, झेंड्याचे पट्टे कमीजास्त व्हायचे. पण त्या चुका फार कामाच्या आहेत. दोन गुंडाळ्यांत एकच विचित्र चूक सापडली तर त्या एकाच आईची लेकरं, अशी वंशावळ मांडता येते, जवळपास जनुकांवरून प्राण्यांची मांडतात तशीच.

8 जुलै 1853 ला मात्र वेगळंच घडलं. एडो म्हणजे आजच्या टोकियोच्या उपसागराच्या तोंडाशी, उरागाला, अमेरिकेच्या कमोडोर पेरीची चार जहाजं आली, त्यातली सस्क्वेहाना आणि मिसिसिपी ही दोन वाफेवर चालणारी, आणि ती बाकीच्या दोन शिडाच्या जहाजांना ओढत, शिडं गुंडाळलेली असताना, वाऱ्याविरुद्ध आत शिरली. समुद्रावर जन्म काढलेल्या कोळ्यांना वाऱ्याविरुद्ध येणारं जहाज बघून काय वाटलं असेल विचार करा. गावोगाव विकली गेलेली स्वस्त छापील चित्रं बघितली तर काहींमध्ये जहाजाच्या नाकाशी राक्षसाचं तोंड आहे. पण प्रत्यक्ष किनाऱ्यावर बसून काढलेल्या गुंडाळ्या बघा. त्यात धुराडं आहे, बाजूला पाणी मारणारं मोठं चाक आणि त्यावरची गोल पेटी आहे, तोफांची भोकं आहेत. पेरीच्या माणसांची नाकं लांबलचक झालीत हे खरं, यंत्र मात्र बऱ्याचदा चोख आलंय. 1854 ला पेरी परत आला तेव्हा भेट म्हणून चौथाई आकाराचं खरंखुरं वाफेचं इंजिन घेऊन आला, योकोहामाला गोल रुळांवर चालवून दाखवलं, तेही गुंडाळ्यांमध्ये आलंय. आणि पुढच्याच वर्षी, 1855 ला, सागा संस्थानात तानाका हिसाशिगे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वाफेच्या इंजिनाचं चालतं मॉडेल बनवलं! त्यांना नागासाकीला आलेल्या रशियन जहाजावरचं मॉडेल बघायला मिळालं होतं आणि जोडीला डच पुस्तकं होती. बघायचं, टिपायचं, मग करून बघायचं, ही सवय आधीपासून अंगात मुरलेली होती.

अशा नोंदीने काय होऊ शकतं याचं मला सगळ्यात भावलेलं उदाहरण गुंडाळीचं नाही, चित्रांसकटच्या हस्तलिखिताचं आहे. ऑगस्ट 1829 मध्ये टास्मानियाजवळ कैद्यांनी ‘सायप्रस’ नावाचं जहाज पळवलं. त्यांचा म्होरक्या विल्यम स्वॅलो, पुढे तो पकडला गेला आणि सांगायला लागला की आम्ही जपानपर्यंत गेलो होतो, तिथे आमच्यावर तोफा डागल्या. कुणी विश्वास ठेवला नाही, पुढची जवळजवळ दोनशे वर्षं ती थाप समजली गेली. इकडे शिकोकू बेटावरच्या मुगी गावासमोर जानेवारी 1830 ला एक परदेशी जहाज आलं होतं. त्यावरचे लोक पाणी आणि सरपण मागत होते, पण 1825 चा सरकारी हुकूम होता की परदेशी जहाज दिसलं की तोफा डागून हाकला, तसंच झालं. हाकलण्याआधी हामागुची नावाचा सामुराई कोळ्याच्या वेषात जहाजाजवळ गेला, सगळं बघून आला आणि लिहून, रंगवून ठेवलं. 2017 मध्ये जपानमध्ये राहणाऱ्या निक रसेल या इंग्रजीच्या शिक्षकाने ते कागद आणि स्वॅलोची हकिकत शेजारी ठेवून ताडून पाहिली आणि दोन्ही जुळल्या. त्या जपानी नोंदींमध्ये जहाजावरच्या कुत्र्याचाही उल्लेख आहे, आणि तो खाण्यासाठी ठेवलेला वाटत नाही, लाडाने पाळलेला दिसतो असं सुद्धा लिहून ठेवलंय.